चाकांना ताप येतो तेव्हा

माझी एकतीस वर्षं एस.टी.च्या कार्यशाळेत गेली, आणि त्यातली बावीस ब्रेकच्या कामात. त्यामुळे माझी एक खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाच्याही गाडीतून उतरलो की मी आधी चाकाशी जातो आणि हाताचा पंजा चाकापासून वीतभर अंतरावर धरतो, शेकोटीपुढे धरावा तसा. आमची सौभाग्यवती म्हणते, "हे गाडीला नमस्कार करताहेत की आशीर्वाद देताहेत, तेच कळत नाही." मी दोन्ही करत नाही. मी ताप बघतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेला गेलो. ती कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराजवळ राहते. आम्ही पोचायच्या दोन महिने आधी जावयांनी एक जुनं मोटारहोम विकत घेतलं होतं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे चालकाची जागा, मागे पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, संडास आणि जमिनीखाली पाण्याच्या टाक्या. तिकडे अशा घरांचे लहान-मोठे प्रकार असतात. आमचं मधल्या आकाराचं होतं. ही मधली घरं बहुतेक फोर्डच्या ई-मालिकेतल्या चौकटीवर बांधतात, म्हणजे मुळात ते एका मालवाहू व्हॅनचंच अंग असतं. वरून लाकडी कपाटं आणि पडदे लावले म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही.

बेत असा होता, की शनिवारी पहाटे निघायचं, रॉकी पर्वत ओलांडून पश्चिमेला ग्लेनवूड स्प्रिंग्जला मुक्काम करायचा आणि तिथून युटा राज्यात जायचं. नातवानं त्याची पिशवी सोमवारीच भरून ठेवली होती. बुधवारी मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि जावयांना विचारलं, "हिचे ब्रेक शेवटचे कधी उघडले होते?"

ते म्हणाले, "बाबा, विकणाऱ्यानं तपासणीचा कागद दिलाय. ब्रेकपुढे बरोबरची खूण आहे. आणि दहा वर्षांत गाडी फक्त बत्तीस हजार मैल चाललीय."

बत्तीस हजार मैल म्हणजे एक्कावन्न-बावन्न हजार किलोमीटर. आमच्या बसगाड्या तेवढं अंतर वर्षभरात सहज कापायच्या. जावयांना हा आकडा दिलासा देणारा वाटत होता. मला नेमकी त्याचीच काळजी वाटली. माणूस काय किंवा ब्रेक काय, वापरापेक्षा पडून राहण्यानं जास्त बिघडतो. ते कसं, हे सांगण्याआधी ब्रेक मुळात काय करतो ते सांगायला हवं.

ब्रेक गाडी थांबवतो, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे तो गाडीच्या गतीची उष्णता करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. वेग हा गाडीच्या अंगातला पैसा समजा. ब्रेक तो पैसा जाळतो, आणि जाळायची भट्टी म्हणजे चाकामागची लोखंडी तबकडी किंवा ड्रम. भट्टी लहान आणि पैसा फार, अशी वेळ घाटात येते.

आपल्या पसरणी घाटाचंच उदाहरण घेऊ. पाचगणीहून वाईला उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. आपण पाचशेच धरू, हिशेब सोपा पडतो. गाडीचं वजन सहा टन. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात नव्वद लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. उतरायला पंचवीस मिनिटं लागली असं धरलं, तर दोन-दोन किलोवॅटचे दहा गीझर पंचवीस मिनिटं सतत चालू ठेवण्यासारखं हे झालं. थोडा वाटा टायर आणि वारा घेतात. बाकीची सगळी उष्णता, तुम्ही इंजिनाची मदत घेतली नाही, तर चार चाकांमागच्या तबकड्यांनी गिळायची. सपाट रस्त्यावर ताशी ऐंशीच्या वेगातून तीच गाडी एकदा पूर्ण थांबवली, तर याच्या विसाव्या भागाइतकीच उष्णता तयार होते. म्हणून गावात उत्तम लागणारा ब्रेक घाटात दगा देतो. तो बिघडलेला नसतो, त्याचं पोट भरलेलं असतं.

पोट भरलं की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे पॅड किंवा लायनर एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड सुटते. पेडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी ऐकत नाही. दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. पायाचा जोर चाकापर्यंत नेणारं हे तेल म्हणजे खरं तेल नव्हे. त्याला ओढ असते ती पाण्याची. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, तसं हे हवेतला ओलावा रबरी नळ्यांतून आणि झाकणातून हळूहळू आत ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळायचं नाही, असा दंडक आहे. साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं, की तोच दंडक १४० अंशांवर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला तर दबत नाही, वाफ दबते. मग पेडल सरळ खाली, फळीला टेकतं, आणि पायाखाली काहीच नसतं. ज्यानं हे एकदा अनुभवलं, तो पुन्हा ब्रेक ऑइलचा खर्च वाचवत नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात अशी एक मालमोटार मी पाहिली होती. चालकानं डिझेल वाचवायला घाटमाथ्यावरच गिअर काढून न्यूट्रल केलं होतं. मधल्या वळणावर पेडल खाली गेलं. त्यानं प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून वाचला, पण केबिनमध्ये शेजारी बसलेल्या पोराचा पाय गेला. आम्ही क्रेन घेऊन पोचलो तेव्हाही चाकांतून धूर येत होता. आमचे उस्ताद तेव्हा मला म्हणाले, "वास घे. हा वास लक्षात ठेव." जळलेल्या लायनरचा तो आंबट-कडू वास मला आजही गर्दीत ओळखता येतो.

असो. बुधवारी संध्याकाळी मी जावयांना म्हटलं, "चला, वीस मिनिटं चक्कर मारून येऊ. सपाट रस्त्यानं, ब्रेक होईल तितके कमी मारत." परत आलो. चाकाजवळ पंजा धरायचं माझं वय आता राहिलं नाही, आणि बोटांची पारखही कमी झाली आहे. तिकडे पिस्तुलासारखा एक तापमापक मिळतो, लांबून रोखला की आकडा दाखवतो. आता तो आपल्याकडेही सहज मिळतो. करोनाच्या दिवसांत दारोदारी कपाळावर धरायचे त्याचाच हा भाऊ, फक्त त्याचा पल्ला मोठा. मागची चाकं साठ अंशांच्या आसपास होती. पुढचं डावं सत्तर. पुढचं उजवं एकशे अठ्ठावीस.

एका आसावरच्या दोन चाकांत थोडा फरक असतो, तो चालतो. पण एक चाक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट तापलं, आणि तेही ब्रेक न मारता, याचा अर्थ तिथला ब्रेक सुटतच नाहीये. पाय काढला तरी पॅड तबकडीला घासतो आहे. गाडी सहा टनांची, इंजिन दांडगं, त्यामुळे चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. लहान मोटारीत निदान गाडी एका बाजूला ओढते.

दुसऱ्या दिवशी चाक काढलं. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण तिनं माणसं मेली आहेत. मोटारहोमला उभं असताना समतल करण्यासाठी खाली पाय असतात, बटण दाबलं की उतरणारे. त्यांच्या आधारावर गाडीखाली शिरायचं नाही. नुसत्या जॅकवरही नाही. जमीन सपाट आणि टणक हवी, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि चौकटीखाली वजनाला पुरेल असा स्टँड. तो नसेल तर चाक काढायचंच नाही. कार्यशाळेत नेऊन काम करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

चाक निघालं आणि तपासणीच्या कागदावरच्या त्या खुणेचं रहस्य उलगडलं. तबकडीच्या दोन बाजूंना दोन पॅड असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. बाहेरचा पॅड आठ मिलिमीटर जाड होता, म्हणजे चांगला. चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघितलं तर हाच दिसतो. आतला पॅड जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता. तीन मिलिमीटर उरला की पॅड बदलावा, हा आमचा जुना नियम. ज्यानं खूण केली त्यानं खोटं लिहिलं नव्हतं. जे दिसलं ते लिहिलं. चाक काढायचे कष्ट मात्र घेतले नव्हते.

एक पॅड जाड आणि दुसरा पातळ का? अशा ब्रेकमध्ये पॅडना चिमटीत धरणारा कॅलिपर दोन गुळगुळीत खिळ्यांवर मागे-पुढे सरकतो. आतल्या बाजूनं पिस्टन एक पॅड दाबतो आणि त्याच्या उलट जोरानं अख्खा कॅलिपर सरकून दुसरा पॅड ओढून आणतो. हे सरकणं या खिळ्यांवरच्या ग्रीसवर अवलंबून असतं. गाडी वर्षातले दहा-अकरा महिने उभी राहते. रबरी टोपणाला चीर पडते, आत ओलावा शिरतो, ग्रीस वाळतं, खिळा गंजतो आणि कॅलिपर जागीच अडकतो. मग आतला पॅड एकटाच राबतो, आणि पाय काढल्यावरही नीट मागे येत नाही. एकत्र कुटुंबात असतं तसंच हे. एकाचं सरकणं थांबलं की दुसऱ्याची झीज होते.

गाडी पडून राहण्याचे परिणाम एवढ्यावर थांबत नाहीत. तबकडीवर गंज चढतो. वरवरचा असेल तर दोन-चार ब्रेक मारल्यावर जातो, पण खड्डे पडले असतील तर तबकडीच बदलावी लागते. तबकडीची किमान जाडी बहुधा तिच्या अंगावरच ठोकलेली असते आणि ड्रमचा कमाल व्यास ड्रमवर. ती बघून मापावं, अंदाजानं नाही. मागे ड्रम असतील तर हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने गाडी ठेवल्यावर लायनर ड्रमला चिकटून बसतो. लांब मुदतीसाठी गाडी ठेवायची तर सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवावी. आणि महिन्यातून एकदा तरी वीस-तीस किलोमीटर फिरवावी. नुसतं इंजिन चालू करून जागच्या जागी घुरघुरत ठेवण्यानं ब्रेकला काही मिळत नाही.

सगळ्यांत फसवी वस्तू म्हणजे रबरी होज. बाहेरून चिरा दिसल्या तर प्रश्नच नाही, बदलायची. पण काही वेळा ती बाहेरून धडधाकट आणि आतून सुजलेली असते. पायाच्या जोरानं ऑइल पलीकडे जातं, परत मात्र येत नाही, आणि ब्रेक धरून राहतो. कॅलिपर नवा टाकला तरी चाक तापतच राहिलं, म्हणून डोकं धरून बसलेले किती तरी कारागीर मी पाहिले आहेत. दोष शेजारच्या वीतभर नळीत असतो.

शुक्रवारी गाडी मोठ्या वाहनांच्या एका कार्यशाळेत नेली. मला वाटलं होतं, आपण बाजूला उभं राहून दोन गोष्टी सांगू. तिथे विम्याच्या नियमामुळे गिऱ्हाइकाला आत जाऊ देत नाहीत. बावीस वर्षं ब्रेक उघडणारा मी काचेपलीकडे खुर्चीवर बसून कॉफी पीत होतो! पण तिथला कारागीर भला माणूस. मुलीनं त्याला माझ्याबद्दल सांगितलं तेव्हा तो काढलेले पॅड आणि गंजका खिळा कापडात गुंडाळून घेऊन बाहेर आला आणि माझ्या हातात ठेवून नुसती मान हलवली. माझं इंग्रजी बेताचं, त्याचं मराठी शून्य. त्या खिळ्याबद्दल बोलायला आम्हाला भाषा लागली नाही.

त्यानं पेनसारखं एक यंत्र ऑइलच्या बाटलीत बुडवलं. लाल दिवा लागला, म्हणजे पाणी तीन टक्क्यांच्या वर. ऑइल बहुधा पहिल्या दिवसापासून बदललंच नव्हतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी चालो वा न चालो. बदलताना ताज्या, सीलबंद डब्यातलंच ऑइल वापरावं. अर्धा वापरून फडताळात ठेवलेला डबा तिथेही पाणीच पीत असतो. आणि ब्रेक ऑइलऐवजी इंजिनाचं किंवा स्टिअरिंगचं तेल कधीही, अगदी अडचणीतही, घालू नये. ते आतले रबरी वायसर फुगवतं. मग एकेका भागासाठी नाही, सबंध यंत्रणेसाठी पैसे मोजावे लागतात.

पुढचे दोन्ही कॅलिपर, चारही पॅड, दोन होज आणि सगळं ऑइल, एवढं बदलायचं ठरलं. एक भाग सोमवारशिवाय येणार नव्हता. शनिवारचं निघणं रद्द झालं. मुक्कामाच्या जागेचं दोन रात्रींचं आरक्षण बुडालं. मुलगी काही बोलली नाही, पण भांडी जरा जोरात ठेवली जात होती. नातवानं मात्र तोंडावर विचारलं, "आबा, तू इंडियातून आमची ट्रिप कॅन्सल करायला आलास का?"

त्याची समजूत काढायला रविवारी जावई आम्हाला आपल्या मोटारीतून पाइक्स पीक नावाच्या शिखरावर घेऊन गेले. समुद्रसपाटीपासून ४,३०० मीटर, आणि वरपर्यंत डांबरी रस्ता. दृश्य सुंदरच. पण मला भावली ती उतरतानाची एक चौकी. ग्लेन कोव्ह नावाच्या जागी रखवालदार प्रत्येक उतरणारी गाडी थांबवतो आणि तापमापक चाकाकडे रोखतो. ब्रेक ३०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १५० सेल्सियसच्या वर तापला असेल, तर गाडी बाजूला उभी करायची, थंड होईपर्यंत पुढे जायचं नाही. हात वर करून हुज्जत घालणारा मला कुणी दिसला नाही. चाकांचा ताप बघायची पगारी नोकरी असते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. आम्हाला त्यानं जाऊ दिलं. आमच्या पुढच्या गाडीला मात्र बसवून ठेवलं होतं. त्या दिवशी नातवाला माझ्या खोडीचा अर्थ कळला असावा, कारण परतल्यावर त्यानं आमचा तापमापक मागून घेतला आणि घरातला फ्रीज, इस्त्री आणि आजीचं कपाळ मोजलं.

सोमवारी गाडी हाती आली. निघण्याआधी आणखी एक काम केलं. मालमोटारींच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर गाडी नेली, तीही सगळं सामान आणि पाणी भरून, सगळी माणसं बसवून. दारापाशी चिकटवलेल्या पत्र्यावर कमाल वजन १४,५०० पौंड लिहिलेलं होतं, म्हणजे सुमारे ६,५८० किलो. आमचं भरलं १३,९००. मर्यादेत, पण जेमतेम. पाणी एका लिटरला एक किलो. दीडशे लिटरची टाकी काठोकाठ भरून घाट चढायचा आणि उतरायचा, म्हणजे दोन धडधाकट माणसं उगाच फिरवण्यासारखं आहे. मुक्कामी नळ आहे ना? मग टाकी पाव भरली तरी पुरे. मी निम्मं पाणी बागेत सोडायला लावलं.

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आंतरराज्य महामार्ग ७० आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. बोगदा १९७३ साली सुरू झाला आणि तो जवळजवळ ३,४०० मीटर उंचीवर आहे. बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सात टक्क्यांचा उतार आहे. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की सात मीटर खाली. सातशे मीटरच्या आसपास उंची एका दमात गमवायची. पसरणीपेक्षा मोठा घास, आणि रस्ता रुंद आणि सरळ असल्यामुळे त्याची भीतीही वाटत नाही. भीती वाटत नाही हाच त्यातला धोका. कडेला रेती-खडीनं भरलेले चढाचे फाटे काढून ठेवले आहेत. ब्रेक गेलेल्या गाडीनं त्यात शिरायचं, खडीत चाकं रुततात आणि गाडी थांबते. याच महामार्गावर, पण डोंगराच्या पूर्वेकडे लेकवूडजवळ, एप्रिल २०१९ मध्ये ब्रेक गेलेली एक मालमोटार खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगेत घुसली आणि चार माणसं गेली. वाटेत असा फाटा होता. चालक त्यात शिरला नव्हता.

बोगद्याच्या आधीच मी जावयांना आमचा जुना मंत्र सांगितला होता, "ज्या गिअरवर घाट चढाल, त्याच गिअरवर उतरा." त्यांची गाडी स्वयंचलित गिअरची, पण तिच्यातही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. तो उताराच्या आधी टाकायचा. वेग वाढल्यावर टाकू म्हणाल तर उशीर होतो. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि उष्णतेचा मोठा वाटा रेडिएटर आणि धुराड्यातून निघून जातो. त्यातूनही वेग वाढला, तर ब्रेक ठामपणे दाबायचा, दोन-तीन सेकंदांत वेग आठ-दहा किलोमीटरनं उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पेडलवर पाय हलकेच ठेवून उतरणं हे सावधपणाचं वाटतं, पण तेच घातक. चुलीवर तवा ठेवून दिल्यासारखं होतं ते. पाय काढला की तबकडीला वाऱ्याची झुळूक मिळते.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन असं काही ओरडायला लागलं की मुलगी मागून म्हणाली, "बाबा, इंजिन फुटेल हे!" मी म्हटलं, "काट्याकडे बघ, लाल रेषेच्या खाली आहे ना? मग ओरडू दे. ते काम करतंय." मधेच खिडकीतून तो ओळखीचा आंबट-कडू वास आला. माझ्या छातीत धस्स झालं. पुढे एक ट्रेलर होता, त्याच्या मागच्या चाकांतून निळसर धूर निघत होता. आम्ही अंतर वाढवलं. थोड्या वेळानं तो कडेच्या रुंद जागेत थांबला, तेव्हा मी श्वास सोडला. थांबला हे शहाणपणाचं केलं. अशा वेळी तापलेल्या चाकावर पाणी ओतायचा मोह होतो, तो टाळावा. तबकडी तडकते. नुसतं उभं राहावं, अर्धा तास जाऊ द्यावा.

सिल्व्हरथॉर्नला पोचल्यावर नातवानं चारही चाकं मोजली. पुढची दोन एकमेकांपासून अकरा अंशांच्या फरकानं, मागची दोन जवळजवळ सारखी. त्यानं आकडे वहीत लिहिले आणि खाली सही केली.

तिथे मुक्कामाला एक अवाढव्य डिझेल मोटारहोम उभं होतं, आपल्या बसएवढं. त्याला हवेचे ब्रेक. तो मात्र माझ्या घरचा विषय. मालक निवृत्त शिक्षक होते, जावयांच्या मध्यस्थीनं आमच्या तासभर गप्पा झाल्या. हवेच्या ब्रेकबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे, की हवा गेली म्हणजे गाडी मोकाट सुटते. आताच्या गाड्यांत मागच्या चाकांवर जाड स्प्रिंगा असतात. त्या ब्रेक लावायलाच टपलेल्या असतात, हवेचा दाब त्यांना रोखून धरतो. टाकीत साधारण १०० ते १२५ पौंड दाब हवा. तो ६० च्या खाली जाण्याआधी भोंगा किंवा दिवा लागायला हवा. आणखी खाली, वीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, स्प्रिंगा आपण होऊन ब्रेक आवळतात. पण लायनरची झीज झाली आणि स्लॅक ॲडजस्टर नीट बसवलेला नसला, तर हवा आणि स्प्रिंग दोन्हींचा हात आखूड पडतो. काटा पूर्ण दाब दाखवतो आणि चाक मोकळं राहतं. म्हणून नुसता काटा बघून निघू नये. इंजिन बंद, पेडल पूर्ण दाबून धरा, मिनिटभर काट्याकडे बघा. पहिली घसरण सोडून मिनिटात तीन पौंडांहून जास्त दाब उतरला, तर कुठेतरी गळती आहे. आणि टाकीखालचा कॉक उघडून साचलेलं पाणी रोज सोडा. त्या गृहस्थांनी तो कॉक कुठे आहे हे सहा वर्षांत बघितलं नव्हतं. उघडला तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी आलं.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. पण महाराष्ट्रानंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशी घरं भाड्यानं घेऊन लोक कोकणात, महाबळेश्वराला जाऊ लागले. ती नसतील तरी देवदर्शनाला बारा-सतरा माणसं भरून घाट उतरणारी टेंपो ट्रॅव्हलर आपल्या ओळखीची आहेच. ब्रेकच्या दृष्टीनं दोघी बहिणी. गाडी ठरवताना आपण एसी आणि पुशबॅक खुर्च्या विचारतो. त्याबरोबर एवढंही विचारा, की चाक काढून ब्रेक शेवटचे कधी बघितले आणि ऑइल कधी बदललं. उत्तरात तारीख आली तर बरं. "एकदम ओके आहे साहेब" असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा. आणि चालकानं उतारावर न्यूट्रल केलेलं दिसलं तर भीड न धरता बोला. वाईट दिसेल, दिसू द्या.

आम्ही परत आलो त्याला आता बरेच दिवस झाले. जावयांनी तेव्हापासून गाडीत एक वही ठेवली आहे. तिच्यात दर फेरीला चार चाकांचे आकडे असतात. मागच्या रविवारी पहाटे त्यांचा फोन आला. "बाबा, झोपमोड केली, पण एक चाक बाकीच्यांपेक्षा पंचवीस अंशांनी जास्त दाखवतंय. पुढे जाऊ का?"

मी अंथरुणात उठून बसलो आणि म्हटलं, "जाऊ नका. आधी सांगा, पुढचं की मागचं?"